कीथ मून : तालाचे एक तुफान

ज्या घरात जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांची पेटी जपून ठेवलेली असते, ती कधी ना कधी उघडली जातेच. मराठी नाट्यगीते, अभंग, हिंदी चित्रपटांची गाणी यांच्याबरोबर एखादी इंग्रजी तबकडीही त्यात सापडते. घरातल्या कुणा काकाने वा मामाने तरुणपणी हौसेने आणलेली. अशाच एका पेटीतील दोन तबकड्यांचा जोडसंच या आठवड्यात आम्ही पुन्हा ऐकला. तीन घड्यांचे त्याचे निळे वेष्टन. नाव ‘टॉमी’. वाद्यवृंदाचे नाव ‘द हू’. वर्ष १९६९.

या संचाबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याचे श्रेय बहुतांशी पीट टाउनशेंड या गिटारवादक गीतकाराला मिळते, आणि ते योग्यच आहे. पण ऐकता ऐकता आमचे लक्ष वेधले ते मागे बसून ड्रम वाजवणाऱ्या माणसाने. त्याचे नाव कीथ मून. त्याला जाऊन आता चार दशकांहून अधिक काळ लोटला. त्याच्या खोड्यांच्या गोष्टी अजून चवीने सांगितल्या जातात. त्याच्या आयुष्याची गोष्ट मात्र तितकीशी सांगितली जात नाही. ती आज आम्ही सांगणार आहोत.

कीथ जॉन मून याचा जन्म २३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनच्या वायव्य भागात झाला. महायुद्ध नुकतेच संपले होते. घर साधे, कष्टकरी. वडील आल्फ्रेड, आई कॅथलीन. वेम्ब्ली या उपनगरात तो लहानाचा मोठा झाला. मुलगा चळवळ्या. एका जागी पाच मिनिटे बसेल तर शपथ. इंग्लंडमध्ये त्या काळी अकराव्या वर्षी एक परीक्षा होत असे. त्यात पास होणारी मुले चांगल्या शाळेत जात, बाकीची दुसरीकडे. कीथ त्या परीक्षेत नापास झाला आणि त्याचा पुढचा रस्ता जवळजवळ तिथेच ठरून गेला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली.

नौदलाच्या बालसैनिकांच्या बँडमध्ये तो जाऊ लागला होता. हाती प्रथम बिगुल आला. तो काही त्याला साधला नाही. मग त्याने ढोलाच्या काठ्या उचलल्या आणि त्या शेवटपर्यंत खाली ठेवल्या नाहीत. रेडिओ दुरुस्तीच्या कामातून चार पैसे मिळाले, त्यातून पहिला ड्रमसंच आला. कार्लो लिटल नावाचा एक दणकट वादक लंडनमध्ये प्रसिद्ध होता. त्याच्याकडे धड्याला दहा शिलिंग देऊन कीथ शिकला. मोठा ढोल पायाने कसा घुमवायचा, हे तो त्याच्याकडून शिकला असे जाणकार सांगतात. याखेरीज त्याला कुणी फारसे शिकवले नाही.

पुढे बीचकोंबर्स नावाच्या एका हौशी मंडळीत तो वाजवू लागला. दिवसा प्लास्टरच्या कारखान्याच्या कचेरीत नोकरी, रात्री नाचगाण्याच्या कार्यक्रमात ढोल, असा क्रम चालू होता. १९६४ च्या एप्रिल महिन्यात ग्रीनफर्डमधील एका हॉटेलात द हू या मंडळीचा कार्यक्रम होता. त्यांचा जुना ढोलवादक सोडून गेला होता आणि भाड्याने आणलेला एक वादक वेळ मारून नेत होता. सतरा वर्षांचा कीथ पुढे झाला आणि एक संधी द्या म्हणाला. त्याने इतक्या जोराने वाजवले की त्या बिचाऱ्या वादकाच्या ढोलाचे पायपट्टे मोडले, असे सांगतात. मंडळीत घेतले असे त्याला कुणी विधिपूर्वक कधी सांगितलेच नाही. पुढच्या कार्यक्रमाला कुठे यायचे, तेवढे सांगण्यात आले.

त्या मंडळीत चौघे होते आणि चौघांचे स्वभाव चार दिशांचे. रॉजर डॉल्ट्री हा गायक, तापट आणि कष्टाळू. पीट टाउनशेंड हा विचारी, आतून अस्वस्थ. जॉन एंटविसल बास गिटार वाजवणारा, मितभाषी. आणि चौथा कीथ, जो सतत हसत, हसवत आणि काही ना काही मोडत असे. एरव्ही ढोलवादकाचे काम ताल धरून ठेवण्याचे. आपल्याकडे भजनात पखवाज किंवा सेगाच्या नाचात रावान जसे बाकीच्यांना बांधून ठेवतात, तसेच. कीथने हा नियमच उलटा केला. तो ताल धरत नसे, तो ढोलावर बोलत असे. गायकाच्या ओळीबरोबर त्याच्या काठ्या धावत. दोन मोठे ढोल, सभोवती लहान ढोलांची आणि झांजांची रांग, आणि मध्ये हा पोरगा भोवऱ्यासारखा फिरणारा. ताल सांभाळण्याचे काम मग टाउनशेंडच्या गिटारीकडे आणि एंटविसलच्या बासकडे आले. अशी उलटी मांडणी क्वचितच दुसऱ्या मंडळीत दिसेल.

१९६५ साली त्यांची गाणी इंग्लंडभर गाजू लागली. कार्यक्रमाच्या शेवटी टाउनशेंड गिटार आपटून फोडी आणि कीथ ढोल लाथाडून देई. लोकांना ते फार आवडे. पण फोडलेल्या वाद्यांचे पैसे भरावेच लागत, त्यामुळे एवढे नाव होऊनही मंडळी कर्जात बुडालेली असे. १९६७ मध्ये अमेरिकेच्या दूरदर्शनवर कीथने आपल्या ढोलात दारूगोळा भरून घेतला. ठरल्यापेक्षा तो जास्त झाला. स्फोट इतका मोठा झाला की फुटलेल्या झांजेचा तुकडा त्याच्याच हाताला लागला. बघणारे हसले. खोडीची किंमत आपल्यालाच मोजावी लागते, हे त्या दिवशी प्रथम दिसले. ते कुणी ध्यानात घेतले नाही.

यापूर्वीच, १९६६ च्या मार्चमध्ये कीथचे लग्न झाले होते. पत्नीचे नाव किम. जुलैमध्ये कन्या झाली, तिचे नाव अमांडा. तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता. तरुण मुलींचे मन दुखावू नये म्हणून त्याचे लग्न लोकांपासून काही काळ लपवून ठेवण्यात आले. संसार सुरू झाला तोच असा चोरून.

आता त्या दोन तबकड्यांकडे वळू. १९६८ पर्यंत द हू या मंडळीला वाटू लागले होते की तीन-तीन मिनिटांची सुटी गाणी आता पुरेशी नाहीत. त्यांचा व्यवस्थापक किट लँबर्ट हा एका नामवंत संगीतकाराचा मुलगा. रॉक संगीतात एक अखंड संगीत नाटक करावे, ही कल्पना त्याने उचलून धरली. १९६६ मध्ये नऊ मिनिटांची एक छोटी संगीत कथा करून त्यांनी चुणूक दाखवलीच होती. आता कथा दोन तबकड्या भरतील इतकी मोठी होणार होती.

कथा अशी. टॉमी नावाचा एक लहान मुलगा. त्याचे वडील युद्धात हरवलेले. ते मेले असे समजून आई दुसऱ्या पुरुषाबरोबर राहू लागते. एके दिवशी वडील परत येतात आणि त्या पुरुषाचा खून होतो. मुलगा तो आरशात पाहतो. आईबाप त्याला दटावतात की तू काही पाहिले नाहीस, काही ऐकले नाहीस, कुणाला काही सांगायचे नाही. त्या क्षणापासून मुलगा आंधळा, बहिरा आणि मुका होतो. नातेवाईक त्याला छळतात. तरीही स्पर्शाच्या जोरावर तो पिनबॉल या खेळात सर्वांना हरवतो. पुढे आरसा फुटतो, त्याच्या संवेदना परत येतात, लोक त्याला गुरू मानू लागतात आणि अखेर तेच अनुयायी त्याच्यावर उलटतात.

आम्हा मराठी माणसांना या कथेत एक जिव्हाळ्याचा धागा सापडतो. टाउनशेंड त्या काळी मेहेरबाबांचा अनुयायी झाला होता. मेहेरबाबांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात, एका इराणी कुटुंबात झाला. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले आणि ते अखेरपर्यंत पाळले. सुरुवातीला अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून आणि पुढे केवळ हातांच्या खुणांनी ते बोलत. ३१ जानेवारी १९६९ रोजी, म्हणजे ‘टॉमी’चे ध्वनिमुद्रण लंडनमध्ये चालू असतानाच, त्यांनी देह ठेवला. अहमदनगरजवळ, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, मेहेराबाद येथे त्यांची समाधी आहे. तबकडीच्या वेष्टनावर त्यांना अवतार म्हणून मानाचे स्थान दिलेले आहे. न बोलणाऱ्या मुलाच्या या इंग्रजी कथेमागे नगरच्या माळावरील एका मौनी पुरुषाची छाया आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

ध्वनिमुद्रण १९६८ च्या सप्टेंबरपासून १९६९ च्या मार्चपर्यंत लंडनच्या आयबीसी स्टुडिओत चालले. पैसे अपुरे, म्हणून आठवड्याच्या शेवटी बाहेर कार्यक्रम करायचे आणि पुन्हा येऊन मुद्रणाला बसायचे. मोठा वाद्यवृंद बोलावला नाही. जे काही आहे ते या चौघांनीच वाजवले. या सहा महिन्यांत कीथने जे वाजवले ते त्याच्या आयुष्यातील सर्वात समंजस वादन होय, असे आमचे मत आहे. खोडकर पोरगा इथे कथेचे ऐकतो. मुलाच्या आतल्या प्रवासाचे वर्णन आले की ढोल लाटांसारखे चढतात आणि उतरतात. सुमारे दहा मिनिटांचा एक तुकडा तर शब्दांविनाच आहे. त्यात ढोल थकत नाहीत आणि कंटाळाही आणत नाहीत. जो मुलगा बोलू शकत नाही, त्याच्या वतीने जणू कीथच्या काठ्या बोलतात. टॉमीचे अनुयायी सुट्टीच्या छावणीत जमतात ही कल्पना कीथने सुचवली. म्हणून टाउनशेंडने ते छोटे गाणे स्वतः लिहूनही त्याच्या नावावर केले. मित्राच्या मनाचा हा मोठेपणा नोंदवण्याजोगा आहे.

२३ मे १९६९ रोजी हा जोडसंच इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. चोवीस गाणी, दोन तबकड्या. अपंग मुलावर गाणी करणे काहींना अभिरुचीला सोडून वाटले आणि तशी टीकाही झाली. पण लोकांनी तो उचलून धरला. इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील वुडस्टॉकच्या प्रचंड मेळाव्यात मंडळी पहाटे मंचावर आली आणि टॉमीची कथा संपत असताना सूर्य उगवला. ७ जून १९७० रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये त्यांनी ती सादर केली. अकराव्या वर्षी नापास झालेला वेम्ब्लीचा मुलगा थोर संगीत नाटकांच्या त्या मंचावर ढोल वाजवत होता. कर्ज फिटले, पैसा आला, नाव जगभर झाले.

कथा इथे संपली असती तर किती बरे झाले असते. पण माणसाच्या आयुष्याची तबकडी आपल्याला हवी तिथे थांबत नाही.

त्याच वर्षाच्या आरंभी, ४ जानेवारी १९७० रोजी, कीथवर एक आघात झाला होता. हॅटफील्ड गावी एका मद्यगृहाबाहेर काही तरुणांच्या जमावाने त्याच्या मोटारीला घेरले. त्याचा चालक जमावाला दूर करण्यासाठी खाली उतरला. घाबरलेल्या कीथने मोटार स्वतः पुढे नेली. त्याला नीट चालवता येत नव्हते आणि तो प्यायलेलाही होता. चालक चाकाखाली सापडला आणि मरण पावला. चौकशीत तो अपघात ठरला. न्यायालयाने दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल त्याला दोषी धरले, पण शिक्षा दिली नाही. न्यायालयाने सोडले तरी मनाने त्याला सोडले नाही. त्या घटनेची भयस्वप्ने पुढे त्याचा पाठलाग करत राहिली, असे त्याच्या जवळच्यांनी सांगितले आहे.

त्यानंतर पिणे वाढले. सकाळी ब्रँडी, दुपारी ब्रँडी, मध्ये गोळ्या. हॉटेलांच्या खोल्या फोडणे, शौचालयांत फटाके लावणे, या गोष्टींना जगभर विनोदी म्हणून प्रसिद्धी मिळाली. वर्तमानपत्रांना बातमी हवी होती, मित्रांना गंमत हवी होती. कीथला सगळ्यांचे लक्ष हवे होते. या विनोदाच्या मागच्या दारी घरात काय चालले आहे ते कुणी पाहिले नाही. तो पत्नीवर हात उचलत असे. १९७३ मध्ये किम लहान मुलीला घेऊन घरातून निघून गेली. १९७५ मध्ये घटस्फोट झाला. ती गेल्याचे दुःख तो अखेरपर्यंत विसरला नाही असे म्हणतात. पण दुःख होणे निराळे आणि सुधारणे निराळे.

१९७३ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका कार्यक्रमात तो ढोलावरच कोसळला. प्राण्यांना गुंगी आणणारे औषध पोटात गेले होते, असे पुढे सांगण्यात आले. त्याला उठवून पुन्हा बसवले, तो पुन्हा कोसळला. तेव्हा टाउनशेंडने श्रोत्यांना विचारले की कुणाला ढोल येतो का. एकोणीस वर्षांचा एक मुलगा मंचावर चढला आणि त्याने उरलेला कार्यक्रम पार पाडला. ही गोष्ट आजही गंमत म्हणून सांगतात. आम्हाला मात्र त्यात एका बुडत्या माणसाची हाक ऐकू येते.

१९७५ साली ‘टॉमी’चा चित्रपट निघाला. मुलाला छळणाऱ्या काकाची किळसवाणी भूमिका कीथने केली आणि लोकांना ती आवडली. मग तो कॅलिफोर्नियात राहू लागला. तिथे काम थोडे, मित्र पुष्कळ, पिणे अमाप. ढोल वाजवायला अंगात बळ लागते. सरावाविना तेही गेले. लंडनला परतला तेव्हा शरीर सुजलेले, हात जड झालेले. १९७८ च्या संचासाठी एका गाण्याचा ताल त्याला काही केल्या साधेना. शेवटी ते गाणे ढोलाशिवायच मुद्रित करावे लागले. तालाशी खेळणाऱ्या माणसाला एक साधा ताल धरता येऊ नये, याहून मोठी शिक्षा कोणती? त्या संचाच्या वेष्टनावर तो एका खुर्चीवर बसलेला दिसतो. ती खुर्ची कुणी नेऊ नये अशी सूचना खुर्चीच्या पाठीवर छापलेली आहे.

तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. त्या अखेरच्या महिन्यांत दारू सोडण्याचा तो मनापासून प्रयत्न करत होता. दारू एकाएकी सोडली की अंगाला थरकाप सुटतो, झटके येतात, माणूस भ्रमिष्ट होतो. त्यावर क्लोमेथियाझोल नावाचे गुंगीचे औषध देत असत. हे औषध रुग्णालयात, देखरेखीखाली घ्यायचे. दारूबरोबर तर ते विषच. कीथला रुग्णालयात दाखल व्हायचे नव्हते. त्याला घरी शंभर गोळ्यांची बाटली मिळाली. दिवसाला तीनपेक्षा अधिक घ्यायच्या नाहीत, असे सांगण्यात आले होते.

६ सप्टेंबर १९७८ च्या रात्री पॉल मॅकार्टनीने दिलेल्या मेजवानीला तो गेला होता. लंडनच्या मेफेअर भागातील घरी परतून त्याने गोळ्या घेतल्या आणि झोपला. सकाळी उठला, खाल्ले, पुन्हा गोळ्या घेतल्या आणि झोपला. ७ सप्टेंबरच्या दुपारी मैत्रीण उठवायला गेली तेव्हा तो गेलेला होता. तपासणीत पोटात बत्तीस गोळ्या आढळल्या. त्यातल्या सव्वीस विरघळल्याही नव्हत्या. उरलेल्या सहाच पुरेशा ठरल्या. त्याचे वयही बत्तीसच. हेतू होता की चूक, हे चौकशीत ठरू शकले नाही आणि निकाल खुला ठेवण्यात आला.

मंडळी पुढे चालू राहिली. त्याच्या जागी केनी जोन्स आला. त्यानंतर दुसरे आले. रिंगो स्टार हा कीथचा मित्र. त्याच्या मुलाला, झॅक स्टार्कीला, कीथने लहानपणी एक ड्रमसंच दिला होता. तो मुलगा मोठा होऊन १९९६ पासून अनेक वर्षे द हू मंडळीत त्याच ढोलांमागे बसला. दिलेली भेट अशी फिरून आपल्या घरी आली.

वाचकहो, आता थोडे मनातले. आपले आजे-पणजे कोकणातून या बेटावर आले ते ऊसमळ्यात राबण्यासाठी. त्याच उसाची रम इथे बनते, हे आपण जाणतोच. लग्नसमारंभात, सणावारी, रविवारच्या बैठकीत एखादा गमत्या माणूस असतो. तो आला की हशा पिकतो. त्याचा पेला कुणीतरी भरत राहतो, कारण तो प्यायला की अधिक रंगतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी काय होते, हे बहुधा त्याची बायकोच जाणते आणि ती सांगत नाही. मुलांनाही सांगितले जाते की तुम्ही काही पाहिले नाही, काही ऐकले नाही.

‘टॉमी’ची कथा हीच तर आहे. पाहिलेले न पाहिल्यासारखे करायला लावले की घरातले लेकरू मुके होते. दोन तबकड्या भरून कीथने ही गोष्ट आपल्या काठ्यांनी सांगितली. पण त्याच्या स्वतःच्या बाबतीत त्याच्याभोवतीचे सारे जग आंधळे, बहिरे आणि मुके झाले. हसणारे शेकडो होते, हात धरणारा वेळेवर मिळाला नाही. आज वैद्यक पुष्कळ पुढे गेले आहे. पिणे हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. ते घरच्या बाटलीतून नव्हे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे लागतात. एवढे जरी आपण लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

पेटीतील त्या दोन तबकड्या पुसून आम्ही पुन्हा वेष्टनात ठेवल्या. कुणाच्या घरी त्या असतील तर अवश्य काढा आणि मुलांना, नातवंडांना जवळ बसवून ऐकवा. गिटार ऐका, गाणे ऐका, पण एकदा केवळ मागचे ढोल ऐका. आणि मग त्यांना त्या वाजवणाऱ्याची गोष्टही सांगा, सगळी सांगा, काही न लपवता.